तीन पट्ट्या खाली

पियानो घेताना माणसं वाजवून बघतात, उचलून बघतात, फार तर रंग बघतात. धाकट्याला मात्र एकच गोष्ट बघायची होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. नव्या पियानोचं एक ठरावीक बटण कुठे आहे आणि ते दाबलेलं शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळतं की नाही, एवढंच त्याला हवं होतं. बाकी तो पियानो कसा का वाजेना, असं म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली होती.

धाकटा म्हणजे कुणी पोरसवदा नव्हे. पन्नाशी केव्हाच ओलांडलेला, चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवणारा, डोक्यावरचे केस जपून विंचरणारा गृहस्थ. पण मोठ्या बहिणीनं लहानपणी 'धाकट्या' म्हणून हाक मारली ती त्याला चिकटली ती चिकटलीच. बहिणीला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. ताई एका इस्पितळाच्या स्वागतकक्षात माईकवरून पेशंटची नावं पुकारता पुकारता निवृत्त झाली होती. त्या नोकरीच्याही आधीपासून दर शनिवारी ती नदीकाठच्या हॉटेलातल्या मोठ्या हॉलमध्ये गात होती. ती गाणार, धाकटा पियानो वाजवणार, तिसरं कुणी नाही. हॉलमध्ये लाकडी जमीन, जाड पडदे, चहा, केक आणि आपापल्या गुडघ्यांना सांभाळत नाचणारी वयस्कर जोडपी. यातली काही जोडपी तर याच जमिनीवर पहिल्यांदा भेटली होती आणि ती गोष्ट दर शनिवारी नव्यानं सांगत होती.

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ताईला सर्दीनं धरलं ते महिनाभर सोडलंच नाही. सर्दी गेली, पण जाताना गळ्यातले वरचे एक-दोन सूर घेऊन गेली. 'नावेचं गाणं' म्हणून त्यांचं एक हुकमी गाणं होतं. त्याच्या शेवटच्या ओळीत आवाज एकदम वर उडी घेतो आणि तिथेच जरा रेंगाळतो. आजारपणानंतरच्या पहिल्या शनिवारी ताईनं ती उडी घेतली तेव्हा धाकट्याला तिच्या मानेची शीर तटतटून फुगलेली दिसली. सूर लागला, पण कडेला घासून लागला. हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही, धाकट्याला मात्र धास्ती बसली.

कारण ताईनं शब्द देऊन ठेवला होता. फार पूर्वी त्याच हॉलमध्ये एक म्हातारे गायक गायचे. आवाज थकला तसे ते आपली गाणी खालच्या पट्टीत गाऊ लागले. तेव्हा तरुण असलेल्या, आणि तरुण माणसाला असते तेवढी सगळी अक्कल असलेल्या ताईनं चार लोकांत जाहीर करून टाकलं, की ज्या दिवशी मला सूर उतरवून गावं लागेल त्या दिवशी मी माईक खाली ठेवून घरी बसेन. म्हटलं ते म्हटलं, वर आयुष्यभर ते मिरवलं. नवा वेटर आला, नवा मॅनेजर आला, की पहिल्या चहाबरोबर त्याला हे ऐकावं लागे. ताई एकदा बोलली की बदलत नाही हे धाकट्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं.

आता तिला सांगायचं कसं? सांगितलं की ती थांबणार आणि ती थांबली की शनिवार संपला. आई-वडील गेले, जुनं घर गेलं, दोघांचे संसार शहराच्या दोन टोकांना. आठवडाभर दोघांचा एकमेकांना फोनसुद्धा नसे. शनिवार होता म्हणून ते दोघं अजून भाऊ-बहीण होते, नाहीतर केव्हाच नुसते नातेवाईक झाले असते. धाकट्याला याची भीती वाटायची, अगदी खरीखुरी.

विजेवरच्या पियानोत एक सोय असते. एक बटण दाबलं की अख्खं वाद्य एक पट्टी खाली उतरतं. वाजवणाऱ्याची बोटं नेहमीच्याच जागी फिरतात, बाहेर पडणारा सूर तेवढा खालचा असतो. पुढच्या शनिवारी धाकट्यानं कुणाचं लक्ष नाही असं बघून ते बटण दोनदा दाबलं. ताईनं उडी अलगद घेतली आणि मध्यंतरात म्हणाली, की आज गळा मोकळा आहे बघ. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. बटणावरच्या लाल दिव्यावर त्यानं काळी चिकटपट्टी लावून टाकली. तो जुना पियानो बंद केला की सगळं विसरायचा, म्हणून दर शनिवारी तो चालू केल्या केल्या आधी बटण दाबायचं, मग खुर्ची पुढे ओढायची, असा त्याचा नेमच होऊन गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी ताईला पुन्हा खोकला झाला, तेव्हा त्यानं खबरदारी म्हणून आणखी एक पट्टी उतरवली. आणि ताई नव्या मॅनेजरला सांगतच होती, की इतकी वर्षं झाली, एक पट्टी खाली आलेली नाही.

असा सगळा सुखाचा कारभार चालला असताना तो जुना पियानो म्हातारपणानं गेला. मधली एक पट्टी दाबली की खालीच बसायची, नखानं उचलावी लागायची. पुढे तिच्या शेजारणीनंही तेच आरंभलं. दुरुस्तीवाल्यानं पियानो उघडला, आत बघितलं, आणि पुन्हा मिटला. नवा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

धाकट्याचा बेत असा, की एका दुपारी गुपचूप एकट्यानं जायचं आणि पियानो घेऊन यायचं. पण बेत कळल्याबरोबर ताईनं फोन केला. मी ज्याच्या शेजारी उभी राहणार ते मी बघायला नको का, असं तिनं विचारलं, आणि बेत तिथेच मोडला. बायकोला सगळं ठाऊक होतं. सकाळी धाकटा शर्टाची बटणं चुकीच्या काजांत घालत असताना ती दारात उभी राहून हसत होती.

"पियानो आणायला चाललात की कुणाच्या घरी दरोडा घालायला? चेहरा बघा जरा आरशात."

"तुला हसू येतंय. ताईला कळलं तर?"

"कळलं तर कळलं. त्या काय तुम्हाला खाणार आहेत?"

धाकट्यानं यावर बराच विचार केला आणि तेही अशक्य नाही अशा निष्कर्षाला येऊन तो निघाला.

वाद्यांचं दुकान एका बुटांच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली, भिंतीला टेकून गिटारी, आणि मधोमध लोखंडी स्टँडवर ओळीनं मांडलेले पियानो. विक्रेता उंच, चाळिशीतला, उत्साही माणूस. तो बोलायला लागला की थांबायचा नाही. पाच मिनिटांतच ताईनं धाकट्याच्या कानात त्याचं नाव 'रेडिओ' ठेवून टाकलं. हा नोकरीला कुठे का असेना, इस्पितळात माझ्या माईकजवळ याला येऊ दिलं नसतं, असंही तिचं मत पडलं.

रेडिओनं आधी विचारलं, घरी वाजवायला हवा की स्टेजवर. स्टेजवर म्हटल्यावर तो खुलला. मग वजनदार पट्ट्या म्हणजे काय, आतमध्ये छोट्या हातोड्या कशा असतात, हॉलच्या स्पीकरला जोडायची भोकं मागे कुठे असतात, पायाखालचं पेडल सरकू नये म्हणून त्याला खाली रबर कसं असतं, हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं. धाकटा मान डोलवत होता आणि डोळ्यांनी बटणं शोधत होता.

पहिल्याच पियानोपुढे तो बसला आणि त्याचं काम अवघड होऊन बसलं, कारण तो पियानो फार चांगला होता. पट्टीवर बोट ठेवलं की ती हाताला उत्तर देत होती. हलकं वाजवलं तर कुजबुज, जोर केला तर घुमारा, आणि मध्ये जेवढ्या म्हणून पायऱ्या असतात तेवढ्या सगळ्या. नावेच्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा त्यानं वाजवला आणि आपला हात अचानक दहा वर्षांनी तरुण झालाय असं त्याला वाटलं. पण या पियानोच्या बरोबर मध्यभागी एक स्क्रीन होता, चांगला हातभर उजेड पाडणारा. धाकट्यानं आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, की पट्टी खाली-वर करायची असेल तर.

"हो तर," रेडिओ म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. स्क्रीनवर उणे एकचा आकडा उमटला. लहानसा नव्हे, रस्त्यापलीकडून वाचता यावा असा. "अंधाऱ्या स्टेजवरसुद्धा लांबून दिसतो, साहेब. चूक व्हायची भीतीच नाही."

धाकट्यानं पटकन ताईकडे बघितलं. सुदैवानं ती त्यांच्याकडे पाठ करून, डोळे मिटून, रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभी होती. मला वाद्य बघायचं नाही, ऐकायचंय, असं सांगून ती तिथे गेली होती.

"हा छान आहे," ती वळून म्हणाली. "हाच घे."

"नको गं. तो उजेड डोळ्यांत येतो."

"चष्म्याच्या दुकानात काम करतोस तू. उजेड डोळ्यांत येत असेल तर त्यावर तुझ्याकडेच काहीतरी मिळत असेल ना?"

रेडिओ मोठ्यानं हसला. धाकटाही हसला, पण त्याचे कान लाल झाले. ताईनं त्याच्याकडे क्षणभर जास्तच बघितलं आणि मग पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

दुसरा पियानो इतका हलका होता की रेडिओनं तो एका हातानं उचलून दाखवला. वाजायचाही तसाच, उचलल्यासारखा. ताईनं डोळे न उघडताच नकाराची मान हलवली. तिसऱ्यापाशी धाकटा रेंगाळला. पट्ट्या बऱ्या, आवाज बरा, सगळंच बरं. आणि ते बटण? ते डावीकडच्या अगदी टोकाला, आवाजाच्या गोल खुंटीच्या आड, आणि वर एक इवलासा दिवा. ताई नेहमी पियानोच्या उजवीकडे उभी राहायची. आकडा नाही, स्क्रीन नाही, काही नाही. धाकट्याला हातावर हात आपटावासा वाटला.

रेडिओ इकडे या पियानोचं कौतुक सांगत होता. यात आवाज किती, त्याची वायर किती लांब, बंद करून पुन्हा चालू केला तरी तुम्ही केलेली सगळी मांडणी हा जशीच्या तशी कशी ठेवतो, याची पिशवी कोणत्या रंगात मिळते आणि आठवडाभरात पसंत पडला नाही तर बदलून कसा देतात. ताई खिडकीपासून निघून जवळ आली आणि मन लावून ऐकू लागली. धाकट्याचं लक्ष मात्र त्या दिव्यावर होतं. केवढी चिकटपट्टी लागेल याचा तो करंगळीनं अंदाज घेत होता.

"हा घेऊ या," तो म्हणाला.

"पहिला जास्त चांगला होता, धाकट्या."

"हा मला सोयीचा आहे."

ताईनं पियानोकडे बघितलं, बटणाकडे नाही, नुसतं पियानोकडे. "बरं," ती म्हणाली. "तुला वाजवायचंय." ताई इतक्या लवकर कधी कुणाचं ऐकत नसे. धाकट्याला आनंदाच्या भरात ते खटकलं नाही.

नवा पियानो घरी आला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर धाकट्यानं तो जेवणाच्या टेबलावर मांडला, दिव्यावर काळा तुकडा चिकटवला, बटण तीनदा दाबलं आणि शनिवारची सगळी गाणी एकदा वाजवून घेतली. बायकोनं पलीकडच्या खोलीतून नावेचं गाणं गुणगुणून साथ दिली. मग त्यानं पियानो बंद केला, पिशवीत घातला आणि समाधानानं झोपला.

शनिवारी हॉल भरलेला होता. हॉटेलात कुणाच्या तरी लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता, त्यामुळे दोन केक जास्त आणि गोंगाट दुप्पट. आधी वाजवून बघायला उसंत मिळाली नाही. धाकट्यानं वायरी जोडल्या, पियानो चालू केला, नेमाप्रमाणे आधी बटण तीनदा दाबलं, मग खुर्ची पुढे ओढली. ताई जांभळ्या झग्यात येऊन उजवीकडे उभी राहिली. त्या जोडप्यानं पहिलंच गाणं नावेचं मागितलं होतं.

त्यानं सुरुवातीचा तुकडा वाजवला. आवाज जरा जडच वाटला, पण हॉलचे स्पीकर वेगळे, वाद्य नवं, असेल तसं, असं त्यानं स्वतःला समजावलं. इतकी वर्षं बोटं एका जागी आणि सूर दुसऱ्या जागी ठेवून ठेवून त्याचा कानांवरचा विश्वास जरा कमीच झाला होता. ताईनं पहिली ओळ घेतली आणि ती ओळ कुठे तरी तळघरात जाऊन पडली. सूर सापडेना. शेवटचे शब्द तर तिनं जवळजवळ बोलूनच दाखवले. नाचणारी जोडपी अडखळली. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय बिघडलंय ते त्याला उमजेना, आणि काय होणार आहे ते मात्र लख्ख दिसत होतं. आता सगळ्यांसमोर उघडं पडणार, ताई माईक ठेवणार, संपलं.

ताईनं माईक ठेवला नाही. तो तोंडाजवळ तसाच धरून, इस्पितळात वापरायची त्या शांत आवाजात ती म्हणाली, "मंडळी, आमचा पियानो आजच कामावर रुजू झालाय. त्याची आणि माझी अजून नीट ओळख व्हायचीय. एक मिनिट द्या." लोक हसले. मग ती पियानोला मागून वळसा घालून धाकट्याच्या डाव्या हाताला आली, जिथे ती इतक्या वर्षांत कधी आली नव्हती. वाकली, गोल खुंटीच्या आड बोट घातलं, आणि खालचं नव्हे, त्याच्या वरचं, पट्टी चढवणारं बटण दाबायला लागली.

"घरीही तीन उतरवल्या होत्यास ना?" ती त्याच्या कानाशी पुटपुटली. "हा विसरत नाही. रेडिओनं सांगितलं होतं. तुझं लक्ष कुठे होतं?"

टक्, टक्, टक्. धाकटा दगड होऊन बसला होता, तरी बोटाचे आवाज मोजत होता. तीन झाले. आणि मग ताईनं आणखी एकदा दाबलं. चौथं! त्यानं घाबरून तिच्याकडे बघितलं. काल तीन, आज तीन, त्यातून चार वजा, म्हणजे फक्त दोनच पट्ट्या खाली. त्याला सांगायचं होतं की तुझी मोजण्यात चूक झाली, पण ताई केव्हाच उजवीकडे आपल्या जागेवर पोचली होती आणि सुरू कर म्हणून हनुवटीनं खुणावत होती.

त्यानं सुरू केलं, दुसरं काय करणार. पहिलं कडवं चांगलं गेलं. दुसरं त्याहून. शेवटची ओळ जवळ यायला लागली तसा त्यानं आवाज थोडा वाढवला, म्हणजे सूर चुकलाच तर पियानोच्या आड लपेल. ताईनं उडी घेतली. मानेवरची शीर फुगली नाही. सूर मोकळा, भरलेला, मधोमध लागला आणि तिथे ती हवी तेवढी थांबली, उलट जरा जास्तच. धाकट्यानं पियानोचा आवाज आपोआप कमी केला. गेली दोन वर्षं त्यानं ताईचा असा सूर ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हे त्याला आत्ता कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नास वर्षं संसार केलेलं ते जोडपं नाचायचं थांबून नुसतं उभं होतं.

मध्यंतरात दोघं हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांवर चहाचे कप घेऊन बसले. समोर नदी, आणि भांडी घासणाऱ्यांच्या खोलीतून येणारी वाफ. अर्धा चहा झाला. शेवटी धाकट्यानं विचारलं, की तुला कधीपासून माहीत आहे.

"पहिल्या शनिवारपासून."

"पण दिवा तर..."

"दिव्याचं काय घेऊन बसलास. माझा गळा मला माहीत नाही होय? त्या सुराला इथे ओढ बसायची," तिनं मानेला बोट लावलं. "त्या दिवशी बसलीच नाही. म्हटलं, हे काम धाकट्याचंच."

"मग बोलली का नाहीस?"

ताईनं चहाचा घोट घेतला. "बोलले असते तर थांबावं लागलं असतं. सगळ्यांसमोर बोलून बसले होते ना मी. मला थांबायचं नव्हतं रे. शनिवार गेला तर मग तू आणि मी काय, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात भेटणार? आणि तू इतक्या मन लावून लपवत होतास. दुकानात मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, तुला नीट शोधता यावं म्हणून."

गेली पाच-सहा वर्षं तो ज्या गोष्टीला भीत होता तीच गोष्ट ही बाई आपल्या बाजूनं तितकीच भीत बसली होती, आणि दोघं एकाच पियानोच्या दोन बाजूंना. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि हसू आधी बाहेर पडलं.

"एवढं हसू नकोस," ताई म्हणाली. "मला रागही आलेला आहे तुझा. पहिल्या दोन पट्ट्या उतरवल्यास, ठीक. त्याबद्दल मी तुझे आभार मानले असते. पण तिसरी कशाला उतरवलीस? साधा खोकला झाला होता मला. खोकला गेला, आवाज परत आला, आणि तू आपला खालीच. दोन वर्षं मी बेडकासारखी गातेय, आणि तक्रार करायची सोय नाही. कारण मला तर काही माहीतच नाही!"

धाकट्यानं कप खाली ठेवला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला वाटत होतं आपण तिचा आवाज सांभाळतोय, आणि आपण तो दोन वर्षं दाबून धरला होता. तसं त्यानं सांगितलं, सरळ, जसं वाटलं तसं. ताईनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाली, की चल, लोकांचा केक संपत आला असेल.

सोमवारी दोघं तो पियानो घेऊन पुन्हा बुटांच्या दुकानावरचा जिना चढले. आठवड्याच्या आत बदलून देतात हेही ताईच्याच लक्षात राहिलं होतं. यात काही दोष आहे का, असं रेडिओनं काळजीनं विचारलं. दोष काहीच नाही, ताई म्हणाली, जरा लाजाळू आहे एवढंच. मग धाकटा त्या पहिल्या पियानोपुढे बसला आणि त्यानं पट्टी खाली करायचं बटण दोनदा दाबलं. उणे दोनचा आकडा स्क्रीनवर ऐटीत उभा राहिला. ताई आपल्या नेहमीच्या अंतरावर, उजवीकडे जाऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

"मला नाही दिसत इथून."

"रस्त्यापलीकडून दिसतो तो," रेडिओ कासावीस होऊन म्हणाला.

"ये तू दुकानात," धाकटा म्हणाला. "तुझा नंबर वाढलाय. कधीची टाळतेयस."

पुढच्या शनिवारी ताई नवा चष्मा लावून आली. गाण्याआधी तिनं स्क्रीनवरचा आकडा बघितला, मान डोलावली, आणि माईकवर म्हणाली, "मंडळी, हे गाणं मी पूर्वी दोन पट्ट्या वर गायचे आणि त्यावरून बऱ्याच गमजा करायचे. तुमच्यापैकी पुष्कळांना मी त्या ऐकवल्यात. आता इथे गाते. ऐका." मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, की आम्हीही आता हळूच नाचतो हो. हॉल हसला. ताईही हसली, आणि तिनं धाकट्याकडे बघितलं.

धाकट्यानं सुरुवातीचा तुकडा वाजवला. डावीकडे काही झाकायचं नव्हतं, उजवीकडे कुणाला चोरून बघायचं नव्हतं. पियानो फार सुरेख वाजत होता, आणि बऱ्याच वर्षांनी धाकटा आपल्याच वाजवण्याकडे लक्ष देऊन ऐकत होता.